हरणाऱ्याचंही गाव छापा

बॉक्सर असो की पैलवान, त्याचा सगळ्यात मोठा विजय कोणता हे पदकावरून ठरवू नये. समोर कोण पडला, आणि पडल्यावर त्यानं पुढं काय करून दाखवलं, ते बघावं. शिरपुरात करवंद नाक्याकडं माझं सलून आहे. तिथं हा वाद निघाला की शेवटचा शब्द माझाच, कारण समोरच्याच्या गालाला फेस असतो आणि वस्तरा माझ्या हातात.

सुरुवात बहुतेक मुहम्मद अलीपासून होते. पोरं मोबाइलवर मनिलाची लढत बघून येतात. 1 ऑक्टोबर 1975, चौदा फेऱ्या, जीवघेणा उकाडा, समोरच्या फ्रेझरचे डोळे सुजून मिटलेले. पंधराव्या फेरीआधी त्याचे गुरू एडी फच यांनी त्याला स्टुलावरून उठूच दिलं नाही. लढत म्हणून तिला तोड नाही, कबूल. पण आमच्या खंडेराव महाराजांच्या यात्रेत कुस्ती बघणारा माणूस निकाल मागतो. पाठ लागली का, एवढंच विचारतो. शिवाय फ्रेझरही तेव्हा उतरणीला लागला होता; पुढच्याच वर्षी फोरमननं त्याला दुसऱ्यांदा लोळवलं.

जुनी मंडळी लिस्टनचं नाव घेतात. 1964 मध्ये बावीस वर्षांच्या पोरानं त्या राक्षसाला सातव्या फेरीला बाहेर येऊ दिलं नाही, ही काही लहान गोष्ट नव्हे. पण 1965 मध्ये हाच लिस्टन पहिल्याच फेरीत आडवा झाला, आणि तो ठोसा खरंच लागला का, यावर अजून भांडणं चालतात. हरणाऱ्यानं स्वतःची पत घालवली की आधीच्या विजयाचाही भाव उतरतो.

म्हणून माझं मत किन्शासाला. 30 ऑक्टोबर 1974. फोरमन चाळीस लढती खेळलेला, एकही न हरलेला, त्यातल्या सदतीस त्यानं नॉकआउटनं जिंकलेल्या. ज्या फ्रेझर आणि नॉर्टननं अलीला हरवलं होतं, त्या दोघांना त्यानं दोन-दोन फेऱ्यांत गुंडाळलं होतं. त्याला बत्तीस वर्षांच्या अलीनं आठव्या फेरीत पाडला. पण खरी गंमत वीस वर्षांनंतरची आहे. 1994 मध्ये पंचेचाळीस वर्षांच्या फोरमननं मायकल मूररला झोपवून जगज्जेतेपद परत मिळवलं. अली तोवर कधीच निवृत्त झाला होता, आजारानं थकला होता. तरी त्या रात्री किन्शासाचा भाव आणखी वाढला.

मेरी कोमबद्दल मी बोललो की गिऱ्हाईक चिडतं. सहा जागतिक सुवर्णं, लंडनचं कांस्य, आणि मी बोट ठेवतो डिसेंबर 2019 मधल्या दिल्लीच्या एका निवड चाचणीवर! पदक नाही, राष्ट्रगीत नाही. समोर होती ‘मला संधी द्या’ म्हणून जाहीरपणे भांडलेली निखत झरीन. मेरीनं तिला 9-1 नं हरवलं आणि नंतर हातही मिळवला नाही. ते मला आवडलं नव्हतं, आजही आवडत नाही. पण तीच निखत 2022 मध्ये आणि पुन्हा 2023 मध्ये जगज्जेती झाली. सदतिशीला आलेल्या बाईनं तेव्हा कुणाला रोखलं होतं, हे आता कळतं. यावर एक आप्पा फेस पुसून म्हणाले, ‘‘तुमनं काही खरं नही, भाऊ!’’

मग मी त्यांना खान्देशात आणतो. चाळीसगाव तालुक्यातल्या सायगाव बगळीचा विजय चौधरी 2014, 2015 आणि 2016 असा सलग तीनदा महाराष्ट्र केसरी झाला. तिसरी गदा मोठी, असं सगळेच म्हणतात, पण ती तिसरी होती म्हणून. मी म्हणतो, वारज्याच्या मैदानात त्या अंतिम लढतीत समोर अभिजित कटके होता म्हणून. कटके पुढच्याच वर्षी स्वतः महाराष्ट्र केसरी झाला, 2023 मध्ये हिंद केसरीही. विजयच्या गदेत त्याचीही भर आहे.

मुरलीकांत पेटकर मात्र माझ्या या मापात बसत नाहीत. सैन्यात बॉक्सिंग खेळलेला माणूस 1965 च्या युद्धात गोळ्या लागून अधू झाला आणि 1972 मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक जिंकला. तिथं हरणारा कोण धरायचा? त्यांच्यापुढं मी माप खाली ठेवतो.

बाकीच्यांसाठी माझी एक मागणी आहे, तीही वर्तमानपत्रवाल्यांकडं. यात्रेतल्या कुस्त्यांची बातमी येते तेव्हा जिंकणाऱ्याचं नाव, गाव, वस्ताद, इनामाची रक्कम, इनाम देणाऱ्या पुढाऱ्याचा फोटो, सगळं असतं. हरणारा नुसता ‘प्रतिस्पर्धी’. त्याचंही नाव आणि गाव छापा. पुढाऱ्याचा फोटो थोडा बारीक केला तर जागा निघते.