नर्मदाकाठचा हिशेब अपुरा मांडलात



‘या देशात काही बदलणार नाही, तरुणांनी आशा सोडावी’ असं गेल्या अंकातल्या पत्रलेखकांनी लिहिलं आणि दाखला दिला तो आमच्या नर्मदा खोऱ्याचा. म्हणून धरमपुरीहून हे उत्तर.

आंदोलनानं नर्मदेवरचं धरण थांबलं नाही, हे खरं. सप्टेंबर २०१९ मध्ये सरदार सरोवर १३८.६८ मीटरपर्यंत भरलं आणि आमच्या धार जिल्ह्यातलं निसरपूर, चिखल्दा पाण्याखाली गेलं. ते दुःख आजही ओलं आहे.

पण पत्रलेखकांचा हिशेब तिथंच संपतो! धरणाची तपासणी करणाऱ्या मोर्स समितीच्या अहवालानंतर १९९३ मध्ये कर्ज देणारी जागतिक बँक या प्रकल्पातून बाहेर पडली. ते घडवलं सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा बायकांनी, निमाडच्या शेतकऱ्यांनी आणि मुंबईहून येऊन इथंच राहिलेल्या मेधाताई पाटकरांनी. ८ फेब्रुवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयानं जमीन न मिळालेल्या ६८१ कुटुंबांना प्रत्येकी ६० लाख रुपये देण्याचा आदेश दिला. रस्त्यावर बसलेली माणसं उठून गेली असती, तर ही कुटुंबं कुणाच्या यादीत असती? १८९४ चा भूसंपादन कायदा जाऊन २०१३ चा आला, त्यात पुनर्वसनाला जागा मिळाली. देशभरच्या अशाच लढ्यांचा तो रेटा. नंदुरबारच्या पहाडात आंदोलनानं उभ्या केलेल्या जीवनशाळांत आदिवासी मुलं शिकली.

हे सगळं अपुरं आहे, मान्य. पुनर्वसनाचे दावे अजून रेंगाळलेले आहेत. पत्रलेखकांनी एकदा इकडे यावं, निसरपूरच्या विस्थापितांशी बोलावं. सोबत मी येईन.

— एक वाचक, धरमपुरी (जि. धार)