शॉर्टकट कसला?

वजन कमी करायचं ऑपरेशन म्हटलं की आपल्याकडे एकच डायलॉग, "आळशी लोकांचा शॉर्टकट!" २०११ मध्ये नितीन गडकरींनी मुंबईत हे ऑपरेशन करून घेतलं, त्याची बातमी झाली. पण आधीच्या आणि नंतरच्या कष्टांची बातमी होत नाही.

आधी साधारण दोन आठवडे कमी कॅलरीचा, बहुतेक पातळ आहार. चरबीने फुगलेलं लिव्हर आकसलं तरच सर्जनला जठरापर्यंत नीट पोहोचता येतं. 'स्लीव्ह' प्रकारात जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढतात. मग काही आठवडे आधी पातळ, नंतर मऊ, नंतर नेहमीचं जेवण. प्रोटीन आधी, जेवताना पाणी नाही, आणि व्हिटॅमिनच्या गोळ्या, रक्ततपासण्या आयुष्यभर. डोंबिवलीहून सकाळची फास्ट पकडणाऱ्याने थोडं-थोडं, सावकाश खाणं कसं जमवायचं, सांगा!

म्हणून मेसमध्ये कुणी अर्ध्या पोळीवर थांबला, तर आग्रह नको, टोमणा तर नकोच. लेक्चरला कुणी डबा उघडला, तर सरांनीही समजून घ्यावं. ऑपरेशन तासा-दोन तासांचं, पथ्य जन्माचं. याला शॉर्टकट म्हणायचं, तर आपली केटीसुद्धा शॉर्टकटच की!