थकलेली बिले कोणत्या तुटीत धरता?

राज्याची तूट तीन टक्क्यांच्या आत आहे, असे मंत्री सभागृहात सांगतात तेव्हा बाके वाजतात. जिल्ह्याच्या कोषागारात उभी नोकरी काढलेल्या माझ्यासारख्याला मात्र आधी टेबलावर पडून राहिलेले बिलांचे गठ्ठे आठवतात. सरकारी हिशेबात खर्च धरला जातो तो पैसे गेले त्या दिवशी. रस्ता झाला, फीत कापली, गाड्या धावू लागल्या, पण ठेकेदाराचे देयक पारित झाले नाही तर हिशेबापुरता तो रस्ता झालेलाच नाही. तूट कमी दाखवायची तर करवाढ नको, काटकसर नको; निधी सोडू नका म्हणजे झाले.

मार्चअखेर कोषागारात हेच चाले. बीम्स या निधीवाटपाच्या संगणक प्रणालीवर तरतूद आली की रात्री उशिरापर्यंत बिले घ्यायची. नाही आली तर साहेब म्हणायचे, ‘एप्रिलमध्ये बघू.’ याच्या उलटही होई. निधी परत जाऊ नये म्हणून तो काढून स्वीय प्रपंजी खात्यात टाकायचा आणि खर्च झाला म्हणून दाखवायचा. महालेखापालांनी त्यावर किती वेळा ताशेरे ओढले, याची आता कोणी दखलही घेत नाही.

आता 2025-26चे पाहू. 10 मार्च 2025 रोजी तेव्हाचे अर्थमंत्री अजित पवार यांनी सुमारे 7 लाख कोटींचा अर्थसंकल्प मांडला. राजकोषीय तूट 1 लाख 36 हजार कोटी, म्हणजे राज्य उत्पन्नाच्या तीन टक्क्यांच्या आत. शिस्तीचा दाखला म्हणून हाच आकडा पुढे केला गेला. त्याच पुस्तकात महसुली तूट 45,891 कोटी होती. पगार, पेन्शन, व्याज, अनुदाने हा रोजचा खर्च भागवायलाही कर्ज काढावे लागणार, असा त्याचा अर्थ. 2005च्या वित्तीय उत्तरदायित्व कायद्याचा रोख ही महसुली तूट संपवण्यावर होता. भाषणांत तिचा उल्लेख खालच्या आवाजात होतो.

जूनअखेर 57,509 कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या, डिसेंबरात नागपूरला आणखी सुमारे 75 हजार कोटींच्या. ही सगळी रक्कम नव्याने तिजोरीतून जात नाही. काही समायोजन असते, काही केंद्राचा हिस्सा. जूनच्या मागण्यांचा निव्वळ भार साधारण 40 हजार कोटी होता. तरी मार्चमध्ये मांडलेल्या हिशेबात वर्षभरात इतकी भर घालावी लागत असेल, तर मार्चच्या टक्केवारीवर कोणी का विसंबावे?

लाडक्या बहिणींना दीड हजार देण्याला माझा विरोध नाही. आमच्या गल्लीतल्या घरकाम करणाऱ्या बायकांना त्या पैशांचे मोल विचारा. पण मे 2025मध्ये सामाजिक न्यायमंत्री संजय शिरसाट यांनीच आपल्या खात्याचे 410 कोटी लाडकी बहीण योजनेकडे वळवल्याची जाहीर तक्रार केली. मंत्रिमंडळात बसलेला माणूस असे बोलतो तेव्हा विरोधकांच्या आरोपांची गरज उरत नाही. त्याच वर्षी ठेकेदारांच्या संघटना हजारो कोटींची देयके थकल्याचे सांगत रस्त्यावर उतरल्या. त्यांचा आकडा फुगवलेला असेलही. ठेकेदार काही साधुसंत नव्हेत. मग सरकारने आपला आकडा द्यावा.

31 मार्चला पूर्ण झालेल्या कामांची किती देयके द्यायची राहिली, खातेनिहाय किती, त्यातली वर्षाहून जुनी किती, एवढा एक तक्ता अर्थसंकल्पासोबत सभागृहात ठेवा. त्यासाठी नवी समिती नको, सल्लागार कंपनी तर नकोच. झालेल्या कामाची नोंद मोजमाप पुस्तकात असते आणि दिलेल्या पैशांची कोषागारात. या दोन नोंदी एकमेकींशी ताडून पाहायला लेखा शाखेतल्या माणसांना एप्रिल महिना पुरेल.