दुसऱ्या कोकराला ढेप हवी

सोयाबीन निघालं की मेहकर-लोणारकडच्या रिकाम्या वावरांत मेंढ्या बसतात. शेतकऱ्याला लेंडीखत मिळतं, मेंढपाळाला थोडं धान्य नाहीतर पैसे. त्याचं खरं उत्पन्न मात्र कोकरांत. दख्खनी मेंढी एका वेताला बहुतेकदा एकच कोकरू देते आणि तेच दगावलं तर सगळी चराई फुकट जाते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेचं काम बुलढाण्याच्या मेंढपाळांच्या वाड्यांवर पोचलं पाहिजे, हा माझा आग्रह त्यासाठीच.

सुंदरबनातली गरोळ मेंढी अंगानं लहानखुरी, पण जुळी-तिळी देणारी. फलटणला तिचा हा गुण संकरातून दख्खनी मेंढीत आणला गेला. त्याचं मूळ 2001 मध्ये उलगडलं. एका जनुकातलं एकच अक्षर बदललेलं! हे जनुक ज्या ग्राहीचं आहे, तो वृद्धीघटकांचा निरोप पेशीच्या पृष्ठभागावर झेलतो. स्त्रीबीज बीएमपी-15 नावाचा वृद्धीघटक सोडतं आणि त्यावरून भोवतालच्या पेशींचं पिकणं ठरतं. बदललेल्या ग्राहीत 249व्या जागी ग्लुटामीनऐवजी आर्जिनीन बसतं. निरोप मंदावतो, पेशी लवकर पिकतात आणि एकाच्या जागी दोन-तीन बीजं सुटतात.

बीएमपी हे कुळ मुळात ओळखीचं झालं ते हाडांमुळे. 1965 मध्ये मार्शल उरिस्ट यांनी क्षार काढून टाकलेलं हाड प्राण्यांच्या स्नायूत ठेवलं, तर तिथं नवं हाड धरलं. पुढे दिसलं, की उंदराच्या गर्भात हाच ग्राही नसेल तर बोटांची पेरं नीट घडत नाहीत. गर्भात हाडाची जागा ठरवणारं आणि अंडाशयात बीजांची संख्या ठरवणारं यंत्र एकच. गर्भ घडवायला निसर्ग मोजकेच निरोप वापरतो, जागा आणि वेळ बदलून. एवढ्या नाजूक ठिकाणी बदल होऊनही या मेंढ्या चारी पायांवर धड चालतात, याचं मला आजही नवल वाटतं.

पण बीजं दोन सुटली म्हणून कोकरं दोन जगत नाहीत. मेंढी पाच महिने गाभण असते आणि कोकराची बहुतेक वाढ शेवटच्या दीड महिन्यात होते. पोटात दोन असताना आईला नुसत्या धसकटांवर ठेवलं, तर कोकरं हलकी निपजतात आणि कासेत दूध उतरत नाही. एक कोकरू थानाला लागतं, दुसरं ओलंच कुडकुडत पडतं. कळप हलायचा असेल तर त्या कोकराला उचलून न्यायला माणूसही लागतो. हे सोसायची तयारी नसेल त्या घरी जुळ्यांचा गुण असलेला मेंढा देऊ नये, असं मी स्पष्ट म्हणेन.

मेंढा पाहून त्याच्यात हा गुण आहे की नाही ते कळत नाही, त्याला रक्ताची जनुकीय तपासणीच लागते. म्हणून पशुसंवर्धन खात्यानं तपासलेला मेंढा, गाभण मेंढीला शेवटच्या दीड महिन्याची सरकी ढेप आणि लसीकरण हे तिन्ही एकाच योजनेत द्यावं. आणि ते वाड्याच्या मुक्कामावर नेऊन द्यावं, कारण मेंढ्या चरायला बाहेर असतात तेव्हा मेंढपाळ गावात सापडत नाही.