टीकाकार म्हणजे निंदक नव्हे

कोणी कोणाला दोष दिला की वृत्तपत्रे ‘टीका केली’ असे छापतात आणि दोष देणारा ‘टीकाकार’ ठरतो. अर्थ रूढ झाला, आता वाद कशाला, असे म्हणणाऱ्या विद्वानांशी माझे जमत नाही.

टीका म्हणजे ग्रंथाचा अर्थ उलगडणारे विवरण. मल्लिनाथाने ‘रघुवंशा’वर ‘संजीवनी’ लिहिली ती काय कालिदासाचे वाभाडे काढण्यासाठी? शके १२१२ मधली ज्ञानेश्वरीही गीतेवरील टीकाच. इंग्रजी ‘कॉमेंटेटर’चे मूळही ‘चिंतन करणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदात आहे. मध्ययुगीन युरोपात अ‍ॅरिस्टॉटलचा भाष्यकार इब्न रश्द (११२६-११९८) नुसत्या ‘कॉमेंटेटर’ या बिरुदाने ओळखला जाई.

आणि टीकाकाराचा अधिकार केवढा! चालुक्यांच्या कल्याणीत, म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातील बसवकल्याणात, विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ लिहिली. बंगाल-आसामातील ‘दायभाग’ वगळता बहुतेक हिंदू कुटुंबांच्या वाटण्या शतकानुशतके या टीकेच्या आधारे झाल्या. वारसाच्या फायली चाळण्यात माझी उमेदीची वर्षे गेली; तेथे मूळ स्मृतीचे नाव क्वचित, मिताक्षरेचे पदोपदी. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात २००५ साली दुरुस्ती होऊन मुलगी जन्मतः सहदायाद झाली, त्या कलमातही ‘मिताक्षरा’ आहेच.

निंदेसाठी मराठीत आक्षेप, दोषारोप, ठपका हे शब्द आहेत. ‘ताशेरे’ तर आम्हां सरकारी नोकरांना तोंडपाठ! निदान आपल्या पत्रिकेने तरी तेच छापावेत, ही संपादकांना विनंती.