लॅपटॉप म्हातारा नाही, कामात आहे!

दोस्तहो, शहरात आपण नवा लॅपटॉप घेतो आणि जुना गावी पाठवून देतो. माझा असाच भोकरदनला गेलाय. तिथे तो आठवडाभर कपाटात असतो, रविवारी तेवढा बाहेर निघतो. गेल्या महिन्यात धाकट्या बहिणीचा फोन. ‘दादा, चालू केला की पंखा नुसता घरघरतो, माउस हलत नाही. मंगळवारी ऑनलाइन इंटरव्ह्यू आहे माझा!’ दुकानदाराचा सल्ला तयारच होता, फॉरमॅट मारा नाहीतर नवा घ्या. मिरचीचे आलेले पैसे त्यात घालायला बाबाही तयार!

म्हटलं, जरा थांबा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाब. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात ‘सीपीयू’वर क्लिक केलं की सगळ्यात जास्त खाणारा वर येतो. तिने नावं वाचली : ‘अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल’ आणि ‘विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर वर्कर’. म्हणजे एक व्हायरस शोधतोय, दुसरा अपडेट बसवतोय. दोघंही घरचेच!

गंमत अशी, की विंडोजची नेहमीची झाडलोट रात्री २ वाजता, लॅपटॉप चार्जरवर आणि रिकामा असताना व्हायची असते. कपाटात बंद पडलेल्याला रात्रीचे २ कुठून वाजणार? मग साठलेलं सगळं काम रविवारी, चालू केल्या केल्या अंगावर येतं. फॉरमॅट मारून काय होणार? अपडेट पुन्हा पहिल्यापासून!

त्यामुळे सोमवारी रात्री चार्जर लावून, नेट जोडून, स्लीप बंद करून लॅपटॉप तसाच चालू ठेवला. सकाळी ‘रीस्टार्ट’. शटडाऊन नाही हं! २०१२च्या विंडोज ८पासून ‘फास्ट स्टार्टअप’ आलंय. ते चालू असेल तर शटडाऊनमध्ये सिस्टीमचा गाभा नुसता झोपवला जातो, ताजी सुरुवात रीस्टार्टनेच होते. मग ‘स्टार्टअप’च्या यादीतली गाण्यांची, चॅटिंगची अ‍ॅप्स डिसेबल केली. इंटरव्ह्यू न अडकता पार पडला, मिरचीचे पैसे बँकेतच राहिले.

तेव्हा बॉस, सुरुवातीची दहा-पंधरा मिनिटं पंखा ओरडला तर ओरडू द्या. तासाभरानंतरही तेच नाव वर दिसत असेल, तर ते लिहून घ्या आणि दुकानात गेल्यावर आधी ते नाव सांगा. ‘फॉरमॅट’ हा शब्द त्यानंतर.