रशियन भाषा दलालांच्या स्वाधीन का?

धुळ्याच्या जुन्या वस्तीतील आमच्या गल्लीत गेल्या श्रावणात एक लहानसा वर्ग भरत असे. रशियात वैद्यकीचे शिक्षण घेणारी शेजारची मुलगी सुटीला घरी आली होती. तिकडची उन्हाळी सुटी म्हणजे आपला आषाढ-श्रावण. शाळा सुटली की दहा-बारा मुले तिच्या ओसरीवर जमत आणि ही ताई त्यांना रशियन मुळाक्षरे, दोन-चार गाणी आणि तिकडच्या लोककथा शिकवी. हे ऐकून पक्षातील दोघा जुन्या सहकाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. एकाने विचारले, "युक्रेनवर रणगाडे घालणाऱ्यांची भाषा साने गुरुजींच्या खानदेशात कशाला?" दुसरे म्हणाले, "मराठी शाळांचे पट घसरताहेत, सातपुड्यातल्या पावरा मुलाला पुस्तकातली मराठीसुद्धा परकी वाटते, आणि तुम्हाला रशियनचे डोहाळे लागले!" दोन्ही आक्षेप प्रामाणिक आहेत, म्हणूनच त्यांना उत्तर दिले पाहिजे.

पहिला आक्षेप घेऊ. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियन सत्तेने युक्रेनवर सुरू केलेले आक्रमण हा गुन्हाच आहे. १९५६ साली हंगेरीत आणि १९६८ साली चेकोस्लोव्हाकियात सोव्हिएट रणगाडे घुसले तेही गुन्हेच होते. परंतु २५ ऑगस्ट १९६८ रोजी मॉस्कोच्या लाल चौकात त्या आक्रमणाचा निषेध करीत जी आठ माणसे बसली, ती कोणत्या भाषेत बोलत होती? चर्चने १९०१ साली ज्याला बहिष्कृत केले त्या टॉल्स्टॉयने युद्धाचा धिक्कार कोणत्या भाषेत केला? भाषा ही सत्ताधाऱ्यांची जहागीर नसते. त्यांच्याविरुद्ध उभे राहणाऱ्यांचीही ती असते. आणि गुरुजींचेच नाव घ्यायचे, तर अमळनेरच्या प्रताप हायस्कूलातील या शिक्षकाने टॉल्स्टॉयचा कलाविषयक ग्रंथ मराठीत आणला, हे विसरून कसे चालेल? टॉल्स्टॉय त्यांना भेटला तो मात्र इंग्रजीच्या दारातून. आजही आपल्याला दुसरे दार ठाऊक नसावे, याचे वैषम्य वाटायला हवे.

दुसरा आक्षेप मराठीचा. मराठी शाळांचे पट रशियनने घटवलेले नाहीत. ते काम फीच्या बाजाराने आणि सरकारच्या उदासीनतेने केले आहे. उलट त्या ओसरीवर मुलांना मराठीच नव्याने उमगली. रशियनमध्ये मराठीसारखीच तीन लिंगे आहेत. खिडकी तिकडे नपुंसकलिंगी आहे हे ऐकून मुले खो खो हसली. 'चाक' आणि 'चार' यांतले दोन निराळे उच्चार आपण एकाच अक्षराने लिहितो, रशियन लिपीत त्यांना दोन स्वतंत्र अक्षरे आहेत, हे कळल्यावर त्यांनी आपल्याच बोलण्याकडे प्रथमच कान दिला. 'ब्रात' म्हणजे भाऊ, 'चाय' म्हणजे चहाच. परकी भाषा अशी सलगीने घरात आली, तर ती घरच्या भाषेला हुसकावीत नाही.

पण खरा प्रश्न याहून कठोर आहे. आपण रशियन नको म्हटल्याने खानदेश आणि रशिया यांचा संबंध तुटणार नाही. तो कधीच जुळलेला आहे. शेते गहाण टाकून, कर्ज काढून पालक मुलांना तिकडे पाठवीत आहेत. जून २०२४ मध्ये जळगाव जिल्ह्यातील विद्यार्थी व्होल्खोव नदीत बुडाले, तेव्हा त्या दूरच्या नदीचे नाव येथील घरांनी कोणत्या दुःखात ऐकले ते आठवा. राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे परदेशातील वैद्यकीय शिक्षण इंग्रजी माध्यमातूनच असावे लागते; पण तेथील रुग्णालयात खाटेवरचा म्हातारा आपले दुखणे रशियनमध्येच सांगतो. हे दलालाच्या माहितीपत्रकात ठळक अक्षरांत छापलेले नसते. नोकरीच्या आमिषाने गेलेले कित्येक भारतीय तरुण रशियन सैन्यात ओढले गेल्याचे २०२४ साली उघड झाले. ज्या करारावर सह्या केल्या तो आपल्याला वाचताच येत नव्हता, असे त्यांतील अनेकांनी सांगितले.

धुळे जिल्ह्याला ही कहाणी नवी आहे काय? शहादे-तळोदे तेव्हा धुळे जिल्ह्यात होते. न वाचता येणाऱ्या कागदावर अंगठा उठवून आदिवासींनी तेथे जमिनी गमावल्या. १९७२ च्या सुमारास अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटना यांना त्यासाठी झुंजावे लागले. आता अंगठ्याची जागा सहीने घेतली आहे, एवढाच फरक. भाषेचे ज्ञान दलालाच्या मुठीत राहिले की दुबळा लुबाडला जातो. तेच ज्ञान गल्लीतल्या ताईकडून फुकट मिळाले, तर निदान विचारायचे प्रश्न तरी कळतात.

अर्थशास्त्राचा जुना विद्यार्थी म्हणून एक इशारा मात्र दिलाच पाहिजे. अठराव्या शतकाच्या अखेरीस अँड्र्यू बेल याने मद्रासच्या अनाथाश्रमात मोठ्या मुलांकडून धाकट्यांना शिकवण्याची रीत बसवली. ती इंग्लंडात पसरली, कारण एका मास्तराच्या पगारात गरिबांची शेकडो मुले कोंबता येत होती. शिक्षकांना तासिका तत्त्वावर राबवणाऱ्या आपल्या राज्यकर्त्यांना ही युक्ती फार आवडेल. म्हणून निक्षून सांगतो, ताईचा वर्ग हा शिक्षकाच्या जागेला पर्याय नव्हे. शिक्षकाची रिक्त जागा पूर्ण पगारावर भरली गेलीच पाहिजे. ओसरीवरचे शिकवणे स्नेहाचे आहे आणि ते स्नेहाचेच राहिले पाहिजे.

तेव्हा पक्षाच्या जळगाव-धुळे शाखांनी पुढच्या श्रावणात आपली वाचनालये संध्याकाळी अशा दादा-ताईंसाठी उघडावीत. फी नको, प्रमाणपत्र नको, दलालाचा फलक तर मुळीच नको. रशियन गोष्टींबरोबर या युद्धाची खरी हकिगतही मुलांना सांगावी. आणि त्या मोबदल्यात मुलांनी शिकवणाऱ्याला आपली अहिराणी, आपली पावरी शिकवावी. कारण ही ताई डॉक्टर होऊन परतेल तेव्हा शिरपूरच्या डोंगराळ भागातली एखादी आजारी बाई आपले दुखणे पावरीतच सांगणार आहे, आणि ते समजून घेणे हेही त्याच शिक्षणाचे काम आहे.